पहिले गिऱ्हाईक कुठून येते?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत नवा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांची पत्रे बरीच होती. भांडवलाविषयी त्यांत फारसे विचारलेले नव्हते. ‘आमच्या ओळखी नाहीत’ आणि ‘आमचा धीर होत नाही’ या दोन तक्रारी मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात होत्या, आणि त्या बहुधा एकाच पत्रात शेजारी शेजारी होत्या. म्हणून त्यांतील पाच पत्रांना येथे एकत्र उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : रबाळे येथील एका कारखान्यात मी मेंटेनन्स विभागात अनेक वर्षे काम केले. गेल्या वर्षी तो विभाग दुसऱ्या राज्यात हलवला गेला आणि मी नोकरी सोडली. कारखान्यांतील पंपांची दुरुस्ती आणि वार्षिक देखभालीचे करार अशी सेवा सुरू करण्याचा माझा विचार आहे. कामात हात बसलेला आहे, घरचे आणि मित्रही पाठीशी आहेत. पण आमच्या घराण्यात कोणी कधी धंदा केलेला नाही. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या व्यापारात गेल्या, त्यांना ओळखी आयत्या मिळतात. आमच्यासारख्याने त्या आणायच्या कुठून? (घणसोलीहून एक वाचक)

उत्तर : घरचे आणि मित्र पाठीशी आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे, कारण पहिल्या वर्षी उत्पन्न अनियमित असताना माणूस टिकतो तो त्यांच्या बळावर. मात्र तुमच्या घरच्यांकडे आणि जिवलग मित्रांकडे कारखान्याचे पंप नाहीत, आणि कोणाकडे आहेत याची जी माहिती त्यांना आहे, ती बहुधा तुम्हालाही आहे. रोज भेटणारी माणसे एकाच वर्तुळात वावरतात, त्यामुळे त्यांच्याकडून धीर मिळतो, पण नवी बातमी क्वचितच मिळते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हीच गोष्ट दाखवून दिली. बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांशी तो बोलला. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांना त्याने विचारले की ज्या माणसामुळे नोकरी लागली, तो तुम्हाला त्या काळात कितीदा भेटत असे. आठवड्यातून दोनदा किंवा अधिक वेळा भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. अर्ध्याहून अधिक लोकांची त्या माणसाशी अधूनमधूनच गाठ पडत असे आणि सुमारे २८ टक्के लोक तर त्याला वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटत. जुना सहकारी, कधीकाळचा वर्गमित्र, कामानिमित्त एकदा भेटलेला गृहस्थ अशी ही माणसे होती. त्यांचे वर्तुळ वेगळे असल्यामुळे त्यांना कळणाऱ्या गोष्टीही वेगळ्या होत्या. ग्रॅनोव्हेटरचा अभ्यास नोकरीविषयीचा होता, पण नव्या व्यवसायाचे पहिले काम मिळण्याची वाटही बरीचशी अशीच असते.

आता तुमच्या बाबतीत पाहू. पंपाचे मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टजवळून द्रव बाहेर येऊ न देणारा भाग) गळू लागले की ते प्रथम पाळीवरच्या ऑपरेटरच्या लक्षात येते. तो सुपरवायझरला सांगतो, सुपरवायझर स्टोअरकीपरला सुटे सील आहे का ते विचारतो, आणि ते नसेल तर पर्चेसकडे इंडेंट, म्हणजे खरेदीची लेखी मागणी, जाते. पर्चेसवाला ओळखीच्या व्हेंडरला फोन लावतो. याच्या जोडीला मोटर जळली असेल तर ती रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या दुकानात जाते, बेअरिंग आणायला कोणीतरी मुंबईत नागदेवीला जातो. ही सारी साखळी तुम्ही आतून पाहिलेली आहे. इतक्या वर्षांत तुमच्या कारखान्यात आलेला प्रत्येक सील पुरवठादार, रिवाइंडिंगवाला, क्रेनवाला, ऑइल कंपनीचा प्रतिनिधी आणि तुमच्या आधी नोकरी सोडून महापे, तुर्भे, तळोजा येथे गेलेला प्रत्येक सहकारी ही तुमची ओळखच आहे. तुम्ही त्यांना ‘ओळखी’ या सदरात मोजले नाही, इतकेच. एका वहीत त्यांची नावे उतरवून काढा, आणि प्रत्येकासमोर ‘याला कुठल्या कारखान्यांची दारे उघडी आहेत’ ते लिहा. माझ्या मते सर्वांत मोलाचा माणूस रिवाइंडिंगचा दुकानदार आहे. मोटर बिघडली की पंपही तपासावा लागतो, ते काम त्याला स्वतःला करायचे नसते, आणि चांगला माणूस सुचवला तर त्याच्या गिऱ्हाइकाजवळ त्याचीच पत वाढते.

त्याच्याकडे जाताना ‘काही काम असेल तर सांगा’ असे मोघम बोलू नका. असे म्हणणारी माणसे त्याच्याकडे रोज येतात. ‘सेंट्रिफ्युगल पंपाचे सील वारंवार जात असेल तर ते का जाते, हे मी शोधून देतो’ असे नेमके सांगा. आणि पहिले काम मिळाले की दुरुस्तीसोबत एक पानाचा अहवाल द्या. सील कशामुळे गेले, शाफ्टचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, किती होता, पंप आणि मोटर एका रेषेत असण्यात (अलाइनमेंटमध्ये) किती फरक होता आणि दुरुस्तीनंतर तो किती राहिला, हे आकड्यांत लिहा. सुपरवायझर ते पान आपल्या साहेबाला दाखवतो, साहेब ते फाइलला लावतो. पुढच्या बिघाडाच्या वेळी तुम्ही समोर नसलात तरी ते पान तेथे असते.

घराण्याविषयी तुम्ही लिहिले आहे, त्याबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण हा सल आपल्याकडे फार खोलवर आहे. व्यापारी घरातल्या मुलाला जे आयते मिळते, ते रक्तातून येत नाही. कोण वेळेवर पैसे देतो, कोणाला उधार द्यावे, कोणत्या मालाला केव्हा मागणी येते, ही माहिती त्याला जेवणाच्या पानावर ऐकायला मिळते. ही माहिती मिळवता येते, फक्त तिला वेळ लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्ररेखनाचे शिक्षक होते, त्यांच्याही घरी व्यापार नव्हता. ते मुंबईहून सायकली घेऊन पाठवत आणि त्यांचे बंधू बेळगावात त्या विकत, येथून त्यांची सुरुवात झाली. पुढे लोखंडी नांगराने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी त्यांचा नांगर घ्यायला तयार नव्हते, आणि पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी त्यांना जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधच्या दरबाराशी त्यांचे नाते जुळले होते ते बांधकामाच्या कामातून. एका कामातून झालेली ओळख दुसऱ्याच कामाला आली, आणि ती आली कारण पहिले काम चोख झाले होते.

प्रश्न : मी कळव्याला राहते. थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी आणि मेतकूट घरी करून विकते. सोसायटीचा, माहेरच्यांचा, मुलीच्या शाळेतील पालकांचा अशा सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटो टाकते, इन्स्टाग्रामवरही पान आहे. कौतुक खूप होते. ऑर्डर मात्र त्याच पाच-सहा घरांतून येते, आणि नातेवाइकांना भाव सांगताना मला फार संकोच वाटतो. माझे काय चुकते? (एक वाचक भगिनी)

उत्तर : तुमच्या भाजणीत काही चुकत असेल असे मला वाटत नाही, कारण ती पाच-सहा घरे पुन्हा पुन्हा घेत आहेत आणि हीच तुमच्या हातातली सर्वांत खात्रीची माहिती आहे. ग्रुपवर येणारे कौतुक हे तुमच्यावरील प्रेमापोटी आलेले असते. ते खरे असते, पण त्यावरून मागणीचा अंदाज बांधता येत नाही. पूर्ण भाव मोजून, आगाऊ पैसे पाठवून घेतलेली पहिली पिशवी, आणि आठवण न करता आलेली दुसरी ऑर्डर, एवढ्या दोनच गोष्टी मोजाव्यात.

शिवाय तुमचे ग्रुप अनेक असले तरी माणसे फार नाहीत. माहेरची वहिनी दोन ग्रुपमध्ये आहे, शेजारीण तीन ग्रुपमध्ये आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकींच्या घरी भाजणी त्यांच्या सासूबाई किंवा आई करूनच देतात. तुमचे गिऱ्हाईक ज्या घरात भाजणी करणारे कोणी उरलेले नाही आणि खाणारे मात्र आहेत, त्या घरात आहे. ही घरे शोधायला फोनपेक्षा पोळीभाजी केंद्र अधिक उपयोगी पडेल. नौपाड्यात, वर्तकनगरात, घोडबंदर रस्त्यावरील वसाहतींजवळ संध्याकाळी सातनंतर पोळीभाजी केंद्रासमोर उभ्या असणाऱ्या माणसांकडे पाहा. नोकरीवरून परतताना तयार पोळ्या घेणारी ही मंडळी आहेत, आणि केंद्र चालवणाऱ्या बाई त्यांना नावाने ओळखतात. अशा एखाद्या केंद्रावर अर्ध्या किलोच्या थोड्या पिशव्या ठेवायला द्या. बाईंचे कमिशन धरूनच भाव ठरवा. दर आठवड्याला जाऊन किती गेल्या एवढेच न विचारता, कोणी घेतल्या आणि घेताना काय विचारले, तेही विचारा. ‘यात कांदा-लसूण आहे का’, ‘थालीपीठ लावायचे कसे’ असे प्रश्न येऊ लागले, तर पिशवीवर काय छापायचे ते तुम्हाला कोणत्याही तज्ज्ञाशिवाय कळेल.

भावाचा संकोच मोडण्याचा एक उपाय म्हणजे तो तोंडी सांगायचाच नाही. धान्य, भाजण्याचा गॅस, गिरणीतले दळणाचे पैसे, पिशवी, रिक्षाभाडे आणि तुमचे तास हे सगळे धरून दरपत्रक छापून घ्या आणि ते सर्वांना सारखेच पाठवा. मावशींना एखादी पिशवी द्यावीशी वाटली तर भेट म्हणून मनापासून द्या. पण त्यांच्यासाठी वेगळा भाव ठेवू नका. आपले तास हिशेबात न धरण्याची सवय बायकांना फार लवकर लावली जाते, आणि घरगुती व्यवसाय बंद पडण्याचे ते एक मोठे कारण आहे असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट करून पाहा. अहमदाबादेतील ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेच्या बँकेतील महिला ग्राहकांवर झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवसायाविषयीचे दोन दिवसांचे प्रशिक्षण काही महिलांना एकटीला दिले गेले आणि काहींना एका मैत्रिणीला सोबत आणायला सांगितले गेले. शिकवले तेच, वेळही तेवढाच. पण त्यानंतर व्यवसायासाठी कर्ज घेण्याचे आणि काम वाढवण्याचे प्रमाण ठळकपणे वाढले ते मैत्रिणीसोबत आलेल्या महिलांमध्ये, आणि ज्या समाजांत स्त्रियांच्या वावरावर अधिक बंधने आहेत त्या समाजांतील महिलांना याचा विशेष लाभ झाला. तेव्हा मसाले, लाडू किंवा शिवणकाम असा वेगळाच व्यवसाय करणारी एक मैत्रीण गाठा. आठवड्यातून एकदा दोघींनी वह्या समोरासमोर ठेवून बसा आणि ‘या आठवड्यात कोणत्या अनोळखी माणसाला विचारलेस’ एवढे एकमेकींना सांगा. भिशीच्या दिवशी हे बोलणे होत नाही, म्हणून त्यासाठी वेगळी वेळ ठेवा.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका आयटी कंपनीत काम करतो. गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब आणि देखभाल शुल्काची वसुली सोपी करणारे सॉफ्टवेअर तयार करण्याची माझी कल्पना आहे. अलीकडे मी मनोवृत्ती बदलण्याच्या एका महागड्या कार्यशाळेला गेलो होतो. ‘शंका हाच उद्योजकाचा शत्रू, परतीचे दोर कापा’ असे तेथे सांगण्यात आले. बँकेतून निवृत्त झालेले माझे वडील मात्र नोकरी सोडू नकोस म्हणतात. घराचे हप्ते चालू आहेत आणि माझ्या मनात शंका येतच राहतात. माझी मनोवृत्ती उद्योजकाची नाही, असे समजावे का? (ऐरोलीहून एक वाचक)

उत्तर : तसे अजिबात समजू नका. गृहकर्ज असलेल्या माणसाला परतीचे दोर कापायला सांगणाऱ्यांविषयी मला मनापासून राग येतो, कारण त्याची किंमत सांगणारा चुकवत नाही, ऐकणाऱ्याचे घर चुकवते.

आत्मविश्वासाची टंचाई नवउद्योजकांत सहसा नसतेच. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत सुमारे ३,००० नव्या व्यावसायिकांना विचारण्यात आले होते की तुमचा व्यवसाय यशस्वी होण्याची शक्यता किती. ८१ टक्क्यांनी दहापैकी सात किंवा अधिक असे उत्तर दिले, आणि ३३ टक्क्यांना तर दहापैकी दहा अशी खात्री होती. पण ‘तुमच्यासारखाच दुसऱ्याचा व्यवसाय असेल तर?’ असे विचारल्यावर दहापैकी सात किंवा अधिक म्हणणारे ३९ टक्केच राहिले. विश्वास भरपूर होता, पण आपल्यालाच वेगळा नियम लावलेला होता. शंका येणे ही तुमची उणीव नाही. तिचे तुम्ही काय करता, हा प्रश्न आहे.

मनोवृत्ती शिकवता येते, याचे पुरावे आहेत, पण ती घोषणांनी शिकवता येत नाही. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाची राजधानी लोमे येथे १,५०० छोट्या व्यावसायिकांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला हिशेब, विपणन, व्यवस्थापन यांचे रूढ प्रशिक्षण मिळाले, दुसऱ्याला पुढाकार घेण्याचे प्रशिक्षण मिळाले आणि तिसऱ्याला काहीच नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पुढाकार शिकलेल्या गटाचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला, तर रूढ प्रशिक्षण घेतलेल्या गटाची ११ टक्के वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे टिकण्याइतकी नव्हती. पुढाकार म्हणजे तेथे काय शिकवले? गिऱ्हाईक येण्याची वाट न पाहता त्याच्याकडे जाणे, शेजारच्या दुकानापेक्षा वेगळे काय देता येईल ते शोधणे, पुढे येणाऱ्या अडचणी आधी लिहून ठेवून त्यांवर उपाय योजणे, आणि एक वाट बंद झाली की दुसरी धरणे. हे सारे करण्याचे विषय आहेत, केवळ वाटण्याचे नाहीत.

इटलीत ११६ नवउद्योगांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही संस्थापकांना आपली कल्पना गृहीतक म्हणून मांडायला आणि ती तपासायला शिकवले गेले. त्यांची कमाई इतरांपेक्षा चांगली राहिली आणि कल्पना बदलण्याची तयारीही त्यांच्यात अधिक दिसली. तुमची शंका अशाच प्रकारे कामाला लावता येईल. ‘हे चालेल का?’ या शंकेने झोप उडते, कारण तिला उत्तर नसते. ‘साठ ते शंभर सदनिकांच्या सोसायटीचा खजिनदार थकबाकीच्या कटकटीतून सुटण्यासाठी दरमहा पैसे मोजेल का?’ या शंकेला उत्तर मिळू शकते. सॉफ्टवेअरची एक ओळही न लिहिता एका सोसायटीचे तीन महिन्यांचे हिशेब, बिले आणि स्मरणपत्रे साध्या एक्सेलवर तयार करून द्या आणि त्याचे पैसे मागा. सोसायट्यांचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर या काळात खजिनदार लेखापरीक्षणाच्या धावपळीत असतात, म्हणून विचारायला हाच काळ योग्य आहे. त्यांनी नकार दिला तर ‘का नको’ ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. कदाचित असे कळेल की त्यांना हिशेबाचा त्रास नाहीच, सभासदांशी होणाऱ्या वादाचा आहे, आणि मग तुम्हाला वेगळेच काही तयार करावे लागेल.

वडिलांविषयी तुम्ही जे लिहिले आहे, त्यात मला अडथळ्यापेक्षा संधी अधिक दिसते. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने बुडीत कर्जे जवळून पाहिलेली असतात, त्यामुळे त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास सारस सरस्वती यांनी २७ उद्योजकांच्या साहाय्याने केला. त्यांना असे आढळले की ही माणसे किती मिळेल यापेक्षा किती गेले तर झेपेल याचा विचार आधी करतात. तुम्हीही वडिलांसमोर बसून लिहा की नोकरी न सोडता इतके महिने, आठवड्यातील इतके तास आणि बचतीतील इतकीच रक्कम या कामात घालायची, आणि ती संपली की थांबून पुन्हा विचार करायचा. असा कागद बँकेच्या माणसाला समजतो. आणि मग त्यांना विचारा की तुमच्या निवृत्त सहकाऱ्यांपैकी कोण कोण आपापल्या सोसायटीचे खजिनदार आहेत. ठाण्यात आणि नवी मुंबईत सोसायटीच्या हिशेबाची जबाबदारी निवृत्त बँक कर्मचाऱ्यावर येते, हे आपण सगळेच पाहतो. तुम्हाला हवे असलेले गिऱ्हाईक वडिलांच्या फोनमध्ये असण्याची दाट शक्यता आहे, आणि मनात अढी असल्यामुळे तुम्ही ते मागितलेले नाही. ओळखी आणि मनोवृत्ती हे दोन विषय वेगळे करता येत नाहीत, असे मला वाटते ते अशा उदाहरणांमुळे.

कार्यशाळेलाच जायचे असेल, तर एवढे लक्षात घ्या. डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाने साठच्या दशकात आंध्रातील काकिनाडा येथील व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत कर्तृत्वप्रेरणेचे, म्हणजे काही साध्य करून दाखवण्याची ओढ वाढवण्याचे, प्रशिक्षण दिले. पुढील काळात प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत हे लोक नवी गुंतवणूक करण्यात आणि माणसे कामावर घेण्यात पुढे राहिले, आणि पारंपरिक श्रद्धा त्यांच्या आड आल्याचे दिसले नाही. पण मॅक्लेलंडच्या पद्धतीत प्रेरणेइतकेच महत्त्व होते ते प्रशिक्षणानंतर ज्यांच्यात मिसळायचे त्या नव्या गटाला. ज्या कार्यशाळेत टाळ्यांचा गजर होतो आणि सोमवारी तुमच्या कामाची विचारपूस करायला कोणी उरत नाही, तिच्यात पैसे घालण्याआधी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे कार्यक्रम पाहून घ्यावेत.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझा पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. दर आठवड्याला सकाळी भेटणाऱ्या एका उद्योजक गटाचे सदस्यत्व घ्यावे का? वर्गणी बरीच आहे. (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर : नियमित भेटींचा उपयोग होतो, एवढे निश्चित सांगता येते. चीनमधील नानचांग शहरात २,८०० हून अधिक छोट्या कंपन्यांच्या अभ्यासात काही मालकांचे दहा-दहांचे गट करून त्यांना वर्षभर दरमहा भेटायला लावले, तेव्हा त्यांची विक्री न भेटणाऱ्यांपेक्षा ८ टक्क्यांहून थोडी अधिक वाढली. एकमेकांचे स्पर्धक नसलेल्यांमध्ये माहितीची देवाणघेवाण अधिक मोकळेपणाने झाली. बीएनआयसारख्या, म्हणजे सदस्यांनी एकमेकांना कामे सुचवण्यासाठी चालवलेल्या, गटांत एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात, मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब आहे, आणि वागळे इस्टेट ही तर १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत असल्याने लघुउद्योजकांची संघटना तुमच्या दाराशीच आहे. आधी पाहुणे म्हणून दोनदा जाऊन बसा आणि खोकी ज्यांना लागतात असे, म्हणजे औषधे, खाद्यपदार्थ, विद्युत उपकरणे यांचे उत्पादक तेथे किती आहेत ते पाहा. सगळेच विमा सल्लागार आणि वेबसाइट करणारे असतील, तर ती वर्गणी संघटनेच्या सदस्यत्वाकडे वळवा.

प्रश्न : मी नेरूळला राहतो आणि कारखान्यांसाठी विद्युत पॅनेल तयार करून देतो. पहिली मोठी ऑर्डर शाळेतील मित्राच्या कंपनीकडून मिळाली. माल देऊन चार महिने झाले, पैसे आलेले नाहीत. मैत्री तुटेल म्हणून मागायचा धीर होत नाही. काय करावे? (एक वाचक)

उत्तर : मित्राकडे मागूच नका, त्याच्या अकाउंट्स विभागाकडे मागा. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत काहीही ठरली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. लेखी मुदत ठरलेली नसेल तर ती १५ दिवसांचीच असते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. हा मुद्दा कोणत्याही लेखापालाला पटकन समजतो. यासाठी तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी, ऑर्डर घेण्याआधीपासून असायला हवी. नसेल तर आजच करा, ती विनामूल्य आहे, आणि नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

मित्राला एकच फोन करा आणि त्यात पैशांचा विषय काढायचा तो इतकाच : ‘बिलाची स्थिती विचारायला तुझ्या अकाउंट्समध्ये कोणाशी बोलू?’ बहुतेक वेळा मालक मित्राला बिल थकले आहे हे ठाऊकही नसते. त्यानंतर त्या माणसाला बिलाची प्रत, माल पोहोचल्याची सही आणि देय तारीख लिहून ईमेल पाठवा, आणि दर आठवड्याला त्याच ईमेलला जोडून त्याच भाषेत विचारत राहा. एवढ्यानेही पैसे आले नाहीत, तर सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पण मित्राला त्याची आगाऊ कल्पना द्या. आणि त्याच कंपनीची पुढची ऑर्डर आली, तर पत्रा आणि ब्रेकर यांची खरेदी निघेल इतकी आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्यावर पत्रा कापायला घ्या.